भाडं वाचवायला बोटीवर राहायला जावं का?

ऐरोलीहून एका गृहस्थांनी विचारलंय. आयटी कंपनीतली नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली, घणसोलीतल्या फ्लॅटचं भाडं ३२ हजार, साठवलेल्या पैशातून महिना चाललाय. बेलापूरकडे ३२ फुटी जुनी फायबर बोट साडेसात लाखांना विकायला आहे. परदेशात मंदी आली की लोक घर सोडून बोटीवर राहायला जातात, हे त्यांनी पाहिलंय. बायको आणि सात वर्षांची मुलगी, असे तिघं दोन वर्षं बोटीवर काढू शकतील का, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी १९८८ पासून बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आणि २००९ च्या मंदीत आठ महिने बोटीवर राहिलोय, हौस म्हणून नाही, गरज म्हणून. त्यामुळे ऐकीव सांगत नाही. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: आपल्या ठाण्याच्या खाडीत स्वतःची बोट घेऊन राहणं भाड्याच्या घरापेक्षा महाग पडतं. दुसऱ्याच्या बोटीवर, तिची राखण करायचा पगार घेऊन राहणं मात्र परवडतं. मी तेच केलं होतं. आता हे असं का, ते सांगतो.

२००८ साली जहाजांच्या भाड्याचा तो बाल्टिक निर्देशांक मे महिन्यात ११,७९३ वर होता, डिसेंबरात ६६३ वर आला. आम्ही कामगार तेव्हा असले आकडे वाचत नव्हतो. आम्हाला एवढंच दिसत होतं की बार्जेस, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटी, रिकाम्या उभ्या आहेत आणि मालक इंजिन उघडायला बोलवत नाहीत. मार्च २००९ मध्ये वर्कशॉपने आम्हा नऊ जणांना घरी बसवलं. कोपरीत भाड्याची खोली होती, साडेपाच हजार. जूनमध्ये पोरांना घेऊन आमची ही माहेरी गेली, रेवसजवळ. गणपतीनंतर एका ओळखीच्या शेठची ३४ फुटी बोट राखायचं काम मिळालं. महिना नऊ हजार, वर राहायला जागा. दसऱ्याला सामान चढवलं. एक ट्रंक, स्टोव्ह, हत्यारांची पेटी.

पाचव्या रात्री कोजागरी होती. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळी मंडळींनी धक्क्यावर दूध आटवलं, मलाही बोलावलं. भरती बाराच्या सुमारास पूर्ण झाली, पाणी धक्क्याच्या काठाला टेकलं होतं. मी पुढचा-मागचा दोर घट्ट आवळून बांधला आणि झोपलो. घट्ट, का तर बोट हलू नये, झोप नीट लागावी! इंजिनातलं मला सगळं कळत होतं, पण पाण्यावर झोपायचा अनुभव नव्हता. तीनच्या सुमारास स्टोव्ह अंगावर आला तेव्हा जाग आली. पाणी खाली गेलं होतं आणि बोट दोन दोरांवर धक्क्याला लटकून एका अंगावर कलंडली होती. पोह्यांचा डबा उघडून सगळे पोहे फरशीवरून दाराकडे चालले होते. पुढचा दोर इतका ताणला होता की हाताचं बोट लावलं तर तारेसारखा वाजत होता. गाठ सुटणं शक्यच नव्हतं. शेजारच्या होडीवर झोपलेले एक नाखवा उठून आले, कोयता हातात दिला आणि म्हणाले, "मागचा आधी काप. पुढचा कापलास तर नाळ खाली जाईल." नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. मागचा कापला, बोट धाडकन पाण्यावर बसली. पुढचा दोर मग सैल पडला, तो हाताने सुटला. सकाळी त्यांनी एका शब्दाने न रागावता मला तिथी मोजायला शिकवली.

ते गणित तुम्हालाही सांगतो, कारण या गणितावरच तुमचं सगळं आयुष्य चालणार आहे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जे येईल ती मुंबईजवळच्या भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा आणि पुढे. सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाण्यात चार मीटरच्या वर फरक पडतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, निम्म्याहून कमी. म्हणजे उधाणाच्या दिवशी तुमचं घर दिवसातून दोनदा एका मजल्याहून जास्त वर चढणार आणि तेवढंच खाली उतरणार. बोटीच्या घराचं खरं भाडं म्हणजे हे. ते झोपेत द्यावं लागतं.

परदेशातल्या ज्या बोटी तुम्ही पाहिल्यात, त्यांना हा त्रास नाही. इंग्लंडातले कालवे बांधीव, पाण्याची पातळी ठरलेली, बोटी जेमतेम सात फूट रुंद. काठावर पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, मैला रिकामा करायच्या जागा असतात. कायमचा धक्का नसलेल्या बोटवाल्याला तिथेही एका जागी साधारण १४ दिवसांच्या वर थांबता येत नाही, पुढे सरकावं लागतं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर घरं नव्हती म्हणून लोक कालव्यांतल्या बोटींवर गेले, पुढे शहराने त्यांना जागा, वीज, गटार जोडून दिलं. आपल्याकडे दल सरोवर घ्या, तिथे भरती-ओहोटीच नाही. कोचीला समुद्र आहे, पण फरक मीटरभराचा. ठाण्याच्या खाडीत मात्र ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि तुमची बोट त्यात बसते. तिरकी. सहा अंशांचा कल कागदावर काही वाटत नाही, पण त्या कलावर भात शिजवून बघा, एका बाजूला करपतो, दुसऱ्या बाजूला कच्चा राहतो.

चिखलाचं आणखी थोडं सांगतो. इंजिन थंड ठेवायला बोट तळातून खाडीचं पाणी खेचते. ओहोटीत कुणी घाईने इंजिन चालू केलं की पाण्याऐवजी गाळ आत येतो आणि पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक, तासाभरात उडतो. इम्पेलर काही हजारांचा, पण त्याच्या तुटलेल्या पाकळ्या पुढे नळ्यांत अडकतात, आणि मग माझ्यासारख्याला बोलवावं लागतं. दुसरं, हा चिखल श्वास सोडतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो ना पहाटे वाशीचा पूल ओलांडताना, तो वायू तांब्याला खातो. माझ्या बोटीतल्या वायरींची टोकं दोन महिन्यांत काळी पडली. ही नाताळच्या सुट्टीत दोन दिवस आली होती, तिच्या पायातली चांदीची जोडवी काळी झाली. ती बिचारी घासत बसली. तुमच्या लॅपटॉपच्या आत पण तांबंच आहे.

लॅपटॉप निघाला म्हणून विजेचंही सांगतो. तुम्ही घरून काम शोधणार, मुलाखती देणार. १०० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची साधी बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास, पण ती अर्ध्याहून जास्त उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाताशी ६००. लॅपटॉप आठ तास चालला की ४०० गेले. रात्री दोन छोटे पंखे दहा तास, आणखी ४००. दिवे, मोबाइल, तळातलं पाणी उपसणारा पंप, १०० धरा. हिशेब तिथेच कोसळतो. दोन बॅटऱ्या आणि २०० वॉटचं सोलर पॅनल लावलंत तर उन्हाळी दिवसात कसंबसं जुळतं. एसी विसरा. मे महिन्यात फायबरच्या केबिनमध्ये दुपारी बसणं म्हणजे इडलीपात्रात बसणं आहे. डास तर विचारूच नका.

आता जागेचा प्रश्न. बोट विकत मिळते, ती उभी करायची जागा विकत मिळत नाही. दिवाळे, सारसोळे, करावे इथले धक्के मासेमारीचे आहेत, ते कोळीवाड्यांच्या हक्काचे आणि कामाचे. तिथे राहायची बोट बांधणं म्हणजे कुणाच्या दुकानाच्या दारात खाट टाकण्यासारखं आहे. बेलापूरची जेटी प्रवासी बोटींसाठी. ऐरोलीपासून वाशीच्या पुलापर्यंत पश्चिम काठाकडचा खाडीचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तो पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतही गेला. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरताही येत नाही, नांगर टाकून संसार करणं तर लांबच. कांदळवनाला दोर बांधायचा तर विचारही करू नका, ते वनखात्याचं संरक्षित क्षेत्र आहे. उंच डोलकाठीची बोट तर वाशीच्या पुलाखालून वर जातच नाही. उरतं ते खाडीच्या मुखाकडे नांगर टाकून राहणं, आणि रोज छोट्या होडीने काठावर येणं. शाळेची वेळ सकाळी सात आणि ओहोटीही सातला, असं महिन्यातून दोनदा होणार. त्या दिवशी मुलीला मांडीभर चिखलातून उचलून न्यावं लागेल.

बोटीची नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असायला हवी, आणि कुठल्या वापरासाठी हे त्यात लिहिलेलं असतं. विकणारा "कागद नंतर करून देतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. २६/११ नंतर पाण्यावरची विचारपूस खूप वाढली. माझ्यावरही जानेवारीत रात्री दीड वाजता टॉर्च पडला होता. शेठचं पत्र, बोटीचे कागद, माझं रेशनकार्ड, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत उशाशी ठेवलेलं होतं म्हणून पाच मिनिटांत मिटलं. आणि आधारवर, बँकेत, शाळेत पत्ता काय देणार? नांगराला पिनकोड नसतो. तेव्हा नातेवाइकांचा तरी पत्ता लागेलच.

पावसाळा हा सगळ्यात मोठा खर्च, आणि तोच परदेशातले व्हिडिओ पाहून कळत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी बांधव होड्या वर ओढून शाकारून ठेवतात. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारी माणसं त्या दिवसांत बोटीवर राहत नाहीत, मग आपण कोण? मेच्या दहा तारखेला उतरायचं, असं मी सांगतो. जूनपर्यंत थांबू नका. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ ला मुंबईसमोरून गेलं. त्यात समुद्रावर कामगारांच्या राहण्यासाठी असलेली पी-३०५ बार्ज बुडाली, साठाहून जास्त माणसं गेली. आणि कोरड्या हंगामाचीही खात्री नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं तेव्हा मी बोटीवरच होतो. दिवाळी नुकतीच झाली होती, आभाळ निरभ्र होतं तीन दिवसांपूर्वीपर्यंत. नाखवांनी सकाळीच हाक मारली, बोट पनवेल खाडीत आत नेली, दोन नांगर पुढे कैचीसारखे टाकले. दुपारनंतरचे चार तास मी फक्त नांगराच्या दोरावर हात ठेवून बसलो होतो. नांगर घसरायला लागला की दोर गुरगुरतो, हाताला कळतं. तो गुरगुरला नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी गेलेली माणसं परत आली नाहीत.

पैशांकडे येऊ. हे माझ्या अंदाजाचे आकडे आहेत, रोज हेच काम करणाऱ्याचे. बोट साडेसात लाख. दहा-बारा वर्षांच्या फायबर बोटीला राहण्याजोगी करायला पावणेदोन लाख: तळ घासून रंग, इंजिनाची ओव्हरहॉल, वायरिंग, संडासाची टाकी. वर्षाची देखभाल किमतीच्या दहा टक्के, म्हणजे दोन वर्षांचे दीड लाख. दोन पावसाळे क्रेनने वर काढून, यार्डात ठेवून परत पाण्यात सोडायला एक लाख. त्या चार-चार महिन्यांसाठी पनवेलकडे पंधरा हजारांची खोली, सव्वा लाखाच्या आत. उरलेले १६ महिने नांगराची जागा, रात्रीची राखण, होडीवाला, महिना पाच हजार धरले तरी ८० हजार. बेरीज जाते पावणेचौदा लाखांच्या आसपास. दोन वर्षांनी बोट विकून पाच लाख आले, तर ते तुमचं नशीब. म्हणजे खर्च पावणेनऊ लाख. तुमच्या सध्याच्या फ्लॅटचं दोन वर्षांचं भाडं होतं सात लाख ६८ हजार. आणि तळोजा-कळंबोलीकडे बारा हजारांत वन आरके घेतलात तर दोन लाख ८८ हजार. तिथे नळाला पाणीही येतं.

शिवाय बोटीला गृहकर्ज नाही. हातातली रोकड एका झटक्यात जाते, आणि मंदीत रोकडच तर लागते. जुनी बोट विकत घ्यायला मंदी उत्तम, विकायला वाईट, आणि तुम्हाला ती नेमकी मंदीतच विकावी लागेल. विकणारा आज साडेसात म्हणतोय तो हौस म्हणून म्हणतोय का? त्यालाही दर महिन्याचं राखणीचं बिल येतंय.

मग काय करावं? तुमच्या जागी मी असतो तर फ्लॅट सोडून लहान जागा घेतली असती, मुलीची शाळा सांभाळून. बोटीची खरोखर ओढ असेल तर राखणदारी बघा. मुंबई बंदरात, मांडव्याला, खाडीच्या मुखाशी हौशी मालकांच्या बोटी उभ्या असतात. त्यांना रात्री बोटीवर झोपणारा, तळातलं पाणी बघणारा, बॅटरी चार्ज ठेवणारा विश्वासू माणूस मिळत नाही. ऑक्टोबर ते मे, एकट्याने. शनिवार-रविवार घरी. पगार फार नसतो, पण त्या सात महिन्यांत तुमचा खर्च जवळपास शून्यावर येतो आणि बोट म्हणजे काय हे कुणाच्या तरी पैशाने शिकून होतं. तुमच्याकडे हातात कला आहे, ती विसरू नका. ऑगस्ट २०२४ पासून मासेमारी बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीचा ठावठिकाणा कळवणारी यंत्रं, बसवायची योजना सुरू आहे. जीपीएस, फिश फाइंडर, सोलर चार्जर यांची जोडणी नीट करणारा माणूस धक्क्यावर शोधून सापडत नाही. मी डिझेलवाला, मला स्क्रीनचं फारसं कळत नाही. माझ्याकडे आलेली अशी निम्मी कामं मी परत पाठवतो.

एक गोष्ट राखणदारी करतानाही पाळा. गॅस सिलिंडर केबिनमध्ये ठेवायचा नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून निघून जायला वाट असते, बोटीत तो तळाच्या खोलगट भागात पाण्यासारखा साठतो आणि पंपाच्या स्विचची एक ठिणगी पुरते. सिलिंडर बाहेर डेकवर, गळलेला गॅस तळातून बोटीबाहेर निघून जाईल अशा पेटीत. मी आठही महिने रॉकेलचा स्टोव्ह वापरला, हातांना वास यायचा, चालून गेलं.

आणि हे सगळं वाचूनही ती बोट बघायला जाणार असालच, तर निदान नीट बघा. भरतीला रंगवलेली बोट सुंदरच दिसते, दलाल तीच वेळ देतो. तुम्ही द्वितीया निवडा. दोन गुणिले तीन भागिले चार, म्हणजे दीडला भरती, सकाळी पावणेआठला पूर्ण सुकती, आणि उधाणाचे दिवस, त्यामुळे तळ उघडा पडलेला असतो. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला. लाकडी मुठीचा छोटा हातोडा घेऊन नाळेपासून मागेपर्यंत पाण्याच्या रेषेखाली हलके ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथे फायबर सुकं आहे, भदभद आवाज येतो तिथे आत पाणी शिरलंय. भदभद आली त्या जागेवर खडूने फुली मारा. मग इंजिनाची डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची पट्टी, काढा, तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर हातोडा पिशवीत ठेवा आणि दलालाला चहा पाजून घरी या. फुल्या तीनपेक्षा कमी आणि तेल काळंच असेल, तर मला फोटो पाठवा, मी येऊन बघतो. येण्याजाण्याचं रिक्षाभाडं द्या, बाकी काही नको.